सातवा महिना आणि खोललेलं इंजिन

नवी मुंबईला अडीच महिने राहून आले असं सांगितलं की आमच्या गल्लीतल्या बायका विचारतात, "काय काय पाहिलंत?" मी म्हणते, "इंजिन." त्यांना वाटतं मी चेष्टा करते. पण खरं तेच आहे. वाशीचा पूल मी अजून पाहिलेला नाही. डिझेल इंजिन मात्र आतून, बाहेरून, उलटं, सुलटं सगळं पाहिलं, आणि तेही पहिल्या आठ दिवसांतच. त्या आठ दिवसांचीच हकिकत इथे सांगणार आहे. पुढचे दिवस लेकीच्या बाळंतपणात गेले, आणि बाळंतिणीची खोली कराडात काय नि ऐरोलीत काय, सारखीच.

आधी माझा स्वभाव सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मी संशयी आहे. दूधवाल्याने मापाच्या वर धार सोडली की मला दुधात पाणी दिसतं. आमच्या ह्यांचं बरोबर उलटं. कोणी दोनदा 'साहेब' म्हटलं की हे त्याला घराची किल्ली देतील. शेतकी खात्यात तीस वर्षं नोकरी करून माणूस इतका भोळा कसा राहतो, हे कोडं मला लग्नापासून सुटलेलं नाही.

अशी आम्ही दोघं मार्चातल्या एका बुधवारी पहाटे कराडहून निघालो, ते लेकीला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायला. मीनल आमची एकुलती एक. जावई ऐरोलीला राहतात, महाप्याच्या एका कारखान्यात आहेत आणि त्या आठवड्यात कंपनीच्या कामाला बडोद्याला गेले होते. मीनलचा सातवा सरत आला होता. आमच्याकडे आठव्यात गरोदर बाई गाव बदलत नाही. सातव्यात आणली तर आणली, नाहीतर आहे तिथे राहिली. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी आठवा लागत होता. एसटीत तिला उलट्या होतात, रेल्वेला दादरच्या गर्दीत चढवायची माझी छाती नव्हती, आणि भाड्याच्या गाडीचा अनोळखी ड्रायव्हर लेकीला घेऊन खंडाळ्याच्या घाटात, हे तर मला स्वप्नातही नको होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, स्वतःची गाडी असेल, हळू नेणार असाल, थांबत थांबत, तर न्या. म्हणून आमची गाडी. चौदा वर्षांची, डिझेलची, पांढरी.

उरण फाटा, बुधवार

घाट उतरला, पनवेल गेलं, आणि मला वास यायला लागला. मी म्हटलं, "काहीतरी जळतंय." हे म्हणाले, "खाडीचा वास आहे. इथे सगळीकडे असाच असतो." आमच्या कृष्णेला असला वास कधी येत नाही, पण परक्या गावात खाडीवर आळ घ्यायला मलाही सोपं गेलं. गाडीच्या तापमानाचा काटा दोन वर्षांपूर्वीच झोपला होता. हे म्हणायचे, "मला आवाजावरून कळतं." त्या दिवशी आवाज आला तो एकदाच आला. खाड्‌कन. आणि उरण फाट्याच्या अलीकडे, डोंगर फोडून माती नेणारे डंपर अंगावर धूळ उडवत जात असताना, आमची गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली ती राहिलीच.

हे फोन शोधायला गेले. मी बॉनेट उघडलं. वाफेचा लोट आला. पाण्याचा एक रबरी पाईप उभा फाटला होता. मला सुचलं ते मी केलं. डब्याबरोबर आणलेल्या कॅनमधलं माठाचं गार पाणी इंजिनावर ओतलं, तव्यावर ओततो तसं. चर्र झालं. मला बरं वाटलं, की निदान काहीतरी केलं.

हे परत आले ते एका माणसाला आणि त्याच्या जीपला घेऊनच. पन्नाशीचा, पांढरी दाढी, मनगटापर्यंत काळे हात. अब्बासभाई. मूळचे पनवेलकडच्या खाडीकाठच्या गावचे, तीन पिढ्यांपासून तिथलेच, आणि आता शिरवण्याला हायवेपासून थोडं आत त्यांचं गॅरेज. त्यांनी आत वाकून पाहिलं, पंखा हाताने फिरवून पाहिला. फिरेना.

"पिस्टन चिकटला हाय," ते म्हणाले. "खोलल्याशिवाय काय सांगू शकत नाय."

आमच्या कराडचा मेकॅनिक न खोलताच सगळं सांगतो. हा खोलल्याशिवाय काही सांगत नाही, म्हणजे ह्याला खोलायचंच आहे, असं माझ्या मनाने लगेच लिहून ठेवलं. जीपच्या मागे दोर बांधून आमची गाडी निघाली. हे पुढे जीपमध्ये बसून त्या गृहस्थाशी गप्पा मारत होते. मी मागे बंद गाडीचं स्टिअरिंग धरून बसले होते, आणि दोर कुठे नेतोय ते बघत होते.

शिरवणे, गुरुवार

बुधवारी संध्याकाळी ऐरोलीची वसाहत पाहून मला पहिल्यांदा वाटलं, एवढ्या रुंद रस्त्यांवर माणसं कुठे आहेत? सगळं सेक्टरांत. पत्ता म्हणजे आकडे. आमच्याकडे 'मारुतीच्या मागे, चिंचेपाशी' म्हटलं की पोस्टमनही पोचतो. इथे मीनलने दिलेला पत्ता गणिताच्या पेपरासारखा होता. दारांना जाळी, जाळीच्या आत पुन्हा दार. ते मात्र मला आवडलं. मीनल दोन्ही दारं उघडून उभी होती. चेहरा जरा ओढलेला. मी म्हटलं, "काळजी करू नकोस, पुढच्या गुरुवारच्या आत तुला नेतेच." ती म्हणाली, "बघू." मला वाटलं, दमली असेल.

गुरुवारी आम्ही गॅरेजला पोचलो तेव्हा इंजिन बाहेर काढून खोललेलं होतं. मी घरून तयारीने गेले होते. आमच्या भिशीतल्या एकीने सांगितलं होतं, की मुंबईकडे गाडी दुरुस्तीला टाकली की आतले चांगले भाग काढून झिजलेले बसवतात. म्हणून मी मीनलची लाल नेलपॉलिशची बाटली पर्समध्ये टाकली होती. अब्बासभाई हात धुवायला गेल्यावर मी प्रत्येक मोठ्या भागावर एकेक ठिपका दिला. हे म्हणाले, "अगं, काय हे?" मी म्हटलं, "खूण."

अब्बासभाईंनी आम्हाला पिस्टन बसतात त्या चार भोकांपैकी तिसरं दाखवलं. आत बोट फिरवायला सांगितलं. भिंत किसणीसारखी लागली. "पिस्टन घासला. बोअर मारून, भोक घासून, आत लायनरची नवी नळी टाकावी लागेल. पिस्टन, रिंगा नव्या. वरचा झाकण, हेड, तो तपासावा लागेल. सहा दिवस."

तेवढ्यात मागून आवाज आला, "सहा दिवस कशाला? माझ्याकरं तयार इंजिन हाय. दोन दिवसांत बसवून देतो."

हे हिराजीशेठ. ह्या जागेचे मालक. पूर्वी ह्यांची भातशेती होती, मग जमीन शहरात गेली, बदल्यात प्लॉट मिळाले, आणि आता त्यांवर शेडी. एक अब्बासभाईंना भाड्याने, एक तुर्भ्याला स्वतःची. गळ्यात सोन्याची जाड साखळी, पायात साधी चप्पल. "जपानी इंजिन हाय बाय. बोटीतून उतरलेला. हिंदुस्तानात एक किलोमीटर नाय चाललेला."

मी अब्बासभाईंकडे पाहिलं. ते रिंगा पुसत होते. काही बोलले नाहीत. मला ते न बोलणंच खटकलं. एकाने सहा दिवस सांगायचे, दुसऱ्याने दोन, आणि घाईत असलेल्या गिऱ्हाइकाने धावत दोनवाल्याकडे जायचं. जागामालक आणि भाडेकरू. डबासुद्धा दोघांनी त्या दुपारी एकाच टेबलावर खाल्ला.

आमचे हे मात्र खूश. "दोन दिवस! म्हणजे रविवारीच निघू." त्यांनी शेठच्या हातात हात दिला. मी तो हात सोडवला.

तुर्भे, शुक्रवार

शेठच्या शेडीत वीस-बावीस इंजिनं लाकडी ओंडक्यांवर मांडून ठेवली होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं, पण शेड उंच, आत गार. शेठने एका इंजिनावरचं पोतं उचललं. स्वच्छ पुसलेलं, तेलाने चमकणारं. "कालपासून हात लावला नाय. आता बघा." त्यांनी बॅटरीची तार लावली. पहिल्या झटक्यात सुरू. काय आवाज! शिवणयंत्रासारखा. ह्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद, जणू इंजिन ह्यांनीच केलं होतं.

खरं सांगते, क्षणभर माझंही मन गेलं. रविवारी निघायचं. लेक सोमवारी माझ्या माजघरात. पण सुरू करायच्या आधी, शेठ तार शोधत होते तेव्हा, मी सवयीने इंजिनावर तळवा ठेवला होता. आमच्याकडे दही लागलंय का, बाजरीचं पीठ जुनं आहे का, सगळं मी हातानेच बघते. आणि ते इंजिन कोमट होतं.

मी म्हटलं, "शेठ, बंद करा. कालपासून बंद आहे म्हणालात, मग सुरू करायच्या आधीच कोमट कसं होतं?"

"उनाचा हाय, बाय."

"ऊन बाहेर आहे."

शेठने माझ्याकडे पाहिलं, मग शेडीच्या छपराकडे पाहिलं, मग एकदम मोठ्याने हसले. "बाय, तू पोलिसात पायजे होतीस." थंड असताना सुरू व्हायला कुरकुरणारं इंजिन गिऱ्हाईक यायच्या आधी तापवून ठेवायचं, ही तिथली रीतच असावी, कारण त्यांना लाज अशी वाटलेली दिसली नाही. उलट त्यांनी आम्हाला थंड सरबत पाजलं, आणि मीनलसाठी घरच्या तांदळाच्या पापडांची पिशवी दिली. मी ती पिशवीसुद्धा उलटीपालटी करून पाहिली.

परत शिरवण्याला आल्यावर मी अब्बासभाईंना सगळं सांगून विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

ते म्हणाले, "ताई, जागा त्याची हाय. त्याचा इंजिन नका घेऊ, असा मी कसा सांगनार? तुमी हात लावून बगितला, लय बरा झाला."

ह्यावर कोणाचाही विश्वास बसला असता. ह्यांचा बसला. पण मला वाटलं, इतका शहाणा आणि इतका गप्प माणूस जास्त धोक्याचा. निघताना त्यांनी आणखी एक वाक्य टाकलं. "उद्या सकाळी माल महाप्याला पाठवतो. मंगळवारपर्यंत इंजिन बांधून देतो."

बांधून देतो! रिक्षात बसल्यावर मी ह्यांना म्हटलं, "ऐकलंत? बांधून देतो म्हणाला. इंजिन काय भाकरी आहे फडक्यात बांधून द्यायला? पोत्यात घालून, दोरीने बांधून कुणाला तरी देणार. 'माल' म्हणाला तो. आपल्या इंजिनाला माल म्हणाला."

हे म्हणाले, "असेल त्यांचा काही शब्द."

"शब्दांतूनच माणूस सापडतो," मी म्हटलं.

महापे, शनिवार

शनिवारी सकाळी हे मीनलला डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि मी एकटी शिरवण्याला पोचले, न सांगता. वेळेवर पोचले. गॅरेजसमोर एक टेंपो उभा होता. त्यात आमचं इंजिन, खरोखर पोत्यात गुंडाळलेलं, वर काथ्याची दोरी आवळलेली. पोत्याच्या फटीतून माझा लाल ठिपका दिसत होता. मी हाक मारायच्या आत टेंपो निघाला. पुढच्या सीटवर अब्बासभाई.

मी रिक्षा थांबवली आणि म्हणाले, "त्या टेंपोच्या मागे." रिक्षावाल्याने विचारलं, "मॅडम, काय लफडा हाय?" मी म्हटलं, "माझं इंजिन पळवतायत." तो इतका खूश झाला, की तुर्भ्यापासून पुढे ठाणे-बेलापूर रस्त्यावर त्याने एकही खड्डा चुकवला नाही. एका बाजूला उघडे कापलेले डोंगर, दुसऱ्या बाजूला कारखान्यांच्या भिंती, मध्ये पिवळट धूर. मला ते काही दिसत नव्हतं. मला दिसत होती ती दोरी.

टेंपो महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडीसमोर थांबला, लेथवर लोखंड कातून देणाऱ्यांच्या. मी उतरून तडक गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "कुणाला देताय बांधून?"

अब्बासभाई मागे वळले. त्यांना आधी कळेना. मग मी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "ताई, बांधून म्हंजी जोडून. खोलला की बांधावा लागतो ना? आमच्याकडं इंजिन खोलतात आणि बांधतात. पोता तर धूळ जाऊ नये म्हनून हाय."

लेथवाले, रिक्षावाला, टेंपोवाला, सगळे माझ्याकडे बघत होते. माझे कान तापले. रिक्षावाला म्हणाला, "म्हंजे लफडा नाय?" आणि जरा उदास होऊन निघून गेला.

आता आलेच आहे तर बघूनच जाते, असं म्हणून मी एका स्टुलावर बसले. लेथवाल्यांनी पोतं सोडलं, भाग मांडले आणि विचारलं, "हा लाल रंग कसला?"

"ताईंची निशानी हाय," अब्बासभाई म्हणाले. म्हणजे त्यांना गुरुवारपासून माहीत होतं. मग त्यांनी रॉकेलचं फडकं माझ्यापुढे धरलं. "बाकीच्या राहू द्या. पन हेडच्या खालच्या बाजूवरची तेवढी पुसू काय? तिथं गॅस्केट बसतो. रंग राहिला तर पानी झिरपेल." मी मान हलवली. त्यांनी तो ठिपका हळू पुसला, आणि पुसताना थांबले. फडकं बाजूला ठेवलं आणि हेड उजेडाकडे नेलं.

दोन झडपांच्या मधोमध केसाएवढी रेघ होती. लेथवाले म्हणाले, "तडकलं."

"असा कधी होतो?" अब्बासभाई मला विचारत नव्हते, सांगत होते. "तापलेल्या इंजिनावर गार पानी पडला की होतो. साहेबांनी ओतला काय पानी?"

मला चर्र असा आवाज पुन्हा ऐकू आला. आणि मी म्हणाले, "हो. ह्यांनीच."

चार दिवस मी साऱ्या नवी मुंबईवर पहारा ठेवून होते, आणि सगळ्यांत मोठं नुकसान माझ्या कॅनमधून झालं होतं. अब्बासभाई एवढंच म्हणाले, "लायनर टाकून खालचा ब्लॉक चालेल. हेड दुसरा बघतो, कुर्ल्याहून. म्हनून बोललो, खोलल्याशिवाय काय सांगू शकत नाय." मग दुपारी त्यांनी डबा उघडला. तांदळाच्या पांढऱ्या मऊ भाकऱ्या आणि जवळा. आम्ही देशावरची माणसं, मासा म्हटलं की आधी काटा आठवतो, आणि हे तर डोळे असलेलं बारीक काहीतरी, अख्खंच. मी एक घास संशयाने घेतला आणि पुढचे चार तसेच. ज्वारीच्या भाकरीला दात लागतात. ही तोंडात ठेवली की जाते. बरोबर थोडा कच्चा कांदा. इतकं चवदार जेवण मी इतक्या अपराधी मनाने कधी जेवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, हे गॅरेजला गेले तेव्हा मीही बरोबर होते. अब्बासभाईंनी त्यांना समजावलं, "साहेब, गरम इंजिनावर गार पानी कदी टाकायचा नाय. थांबायचा, थंड होऊ द्यायचा." हे बावचळले. माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. माझा चेहरा त्यांना आता तीस वर्षांनी वाचता येतो. म्हणाले, "हो, चुकलंच माझं." घरी जाताना रिक्षात मी त्यांना सांगितलं, की मला तोंड उघडता आलं नाही. ते म्हणाले, "मग तो माणूस चोर आहे की नाही, ठरलं का?" मी म्हटलं, "अजून चार दिवस आहेत."

ऐरोली, बुधवार

मंगळवारी म्हटलेलं इंजिन बुधवारी दुपारी तयार झालं. कुर्ल्याच्या हेडमुळे एक दिवस गेला. उद्यापासून आठवा. मी मीनलच्या बॅगा भरून ठेवल्या होत्या, संध्याकाळी पाचच्या आत निघायचं, पुण्याला मुक्काम, सकाळी कराड. पहाटेच्या आत पुण्यात पोचलं म्हणजे आठवा लागायच्या आधीच प्रवास सुरू झाला, असं मी शास्त्रातून पळवाट काढली होती.

गाडी घेऊन अब्बासभाई स्वतः आले. इमारतीखाली सुरू ठेवून बॉनेट उघडलं. चांगला आवाज होता. शेठच्या इंजिनासारखा शिवणयंत्राचा नव्हे, जरा जड, पण सरळ. ह्यांनी हात जोडले. मी नवा काटा पाहिला; तो हलत होता. दोन जिने धावत वर जाऊन बॅगा आणायला निघाले, तेवढ्यात अब्बासभाई म्हणाले, "ताई, पोर पन येनार हाय काय यात?"

"म्हणजे काय? तिच्यासाठीच तर गाडी."

त्यांनी बॉनेट बंद केलं. "नका नेऊ."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ते शांतपणे सांगत होते. नवीन बांधलेलं इंजिन आतून घट्ट असतं. पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर पळवायची नाही, घाटात भार द्यायचा नाही, तापायला लागली तर तास तास थांबायचं. साहेब एकटे जातील आरामात, दोन दिवस लावून. गरोदर बाईला घेऊन उन्हात खंडाळ्याच्या घाटात थांबायची वेळ आली तर?

"मग हे आधी का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला. वरच्या मजल्यांवरच्या दोन खिडक्या उघडल्या.

"तुमी आधी सांगितला नाय, गाडी कशाला पायजे. तुमी इंजिन खरा की खोटा, एवढाच विचारत होतात. सोमवारी साहेबांबरोबर पोर आली होती गॅरेजला, तवा बगितला मी."

"तुमचा तुमच्या कामावर भरवसा नाही का?"

"कामावर हाय. इंजिनावर अजून नाय. ते हजार किलोमीटर चालला की सांगेन."

कोणता मेकॅनिक असं बोलतो? आपला माल चांगला नाही असं म्हणून कुणाचा फायदा होतो? मी सगळीकडून त्या वाक्याखाली हात घालून पाहिला. खाली काहीच लागेना. आणि मला रडू आलं. गाडीचं नव्हे. सातव्या महिन्यापासून मी लाडू बांधून ठेवले होते, माजघर सारवून घेतलं होतं, पाळणा रंगवला होता. एकुलती लेक, पहिलं बाळंतपण, आणि माझं माहेरपण देणं जिन्याखालीच संपलं.

वर गेले. मीनल सोफ्यावर बसली होती, बॅगांच्या मध्ये. मी सांगितलं. सांगताना मी तिच्याकडे पाहत होते, आणि जे दिसलं ते मी कुणाच्याही चेहऱ्यावर पाहायला तयार नव्हते. तिचा चेहरा सुटला. गेले आठ दिवस जो ओढलेला होता तो.

"मग मी इथेच राहू?" ती म्हणाली.

"तुला यायचंच नव्हतं?"

"आई, माझे डॉक्टर इथे आहेत. ह्यांची नोकरीही इथेच आहे. मला इथेच बाळंत व्हायचं होतं. चार महिने सांगायचं म्हणतेय."

"मग सांगितलं का नाहीस?"

ती अगदी हळू म्हणाली, "तू म्हणाली असतीस, सासूने शिकवलं का. मग म्हणाली असतीस, नवऱ्याने. मग शेजारच्या बाईंवर आली असतीस. तुला खरं सांगितलं तरी तू त्याच्या मागे कोण आहे तेच शोधतेस. त्यापेक्षा गप्प आलेलं बरं, असं वाटलं मला."

ती तशीच आली असती. आठव्याच्या तोंडावर, घाटातून, मनाविरुद्ध, फक्त माझ्या चौकशीला घाबरून. हे मला अब्बासभाईंनी दाखवलेल्या त्या रेघेपेक्षा जास्त लागलं. मी तिच्या बॅगेची चेन उघडली आणि कपडे पुन्हा कपाटात लावायला लागले. तीही लावायला उठली. मी तिला बसवलं. म्हटलं, "मग मी राहते इथे. चालेल का?" असं मी तिला आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी हे एकटे निघाले, चाळीसच्या आत. तिसऱ्या दिवशी कराडच्या बूथवरून फोन आला, गाडी कुठेही तापली नाही. मे महिन्यात मीनलला मुलगी झाली, सुखरूप. बारशाला सासरची माणसं आली, आमचे हे आले. तेव्हा गाडीचे हजार किलोमीटर कधीच पूर्ण झाले होते, आणि त्याच गाडीने मी परत आले.

एक गोष्ट मात्र राहिली. सोमवारी मीनल गॅरेजला गेली होती, घरी बसून कंटाळा आला म्हणून, असं म्हणाली होती. तिथे ती अब्बासभाईंशी काही बोलली का? 'माझ्या आईला तुम्हीच सांगा' असं काही? घाट, हजार किलोमीटर, घट्ट इंजिन, हे सगळं खरंच असतं, हे मी नंतर कराडच्या मेकॅनिकला विचारून घेतलं. पण खरं सांगायलाही कुणीतरी सांगावं लागतंच ना? विचारायला अडीच महिने होते. एका सकाळी नातीला आंघोळ घालताना प्रश्न अगदी ओठावर आला. मीनल टॉवेल घेऊन समोर उभी होती, आणि मी काय विचारणार ते तिला कळलंय हे मला कळलं. ती थांबली.

मी म्हटलं, "अब्बासभाईंना बारशाचे पेढे पोचवलेस का?"

"पोचवले."

"बरं केलंस," मी म्हणाले, आणि बाळ तिच्या हातात दिलं.